आज्ञावलीचा सबनीस कोण?

मुंबई विद्यापीठाच्या २०१७ च्या उन्हाळी परीक्षांचे निकाल लांबले, तेव्हा त्याची झळ मुंबईइतकीच मालवण, कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडीतील घरांनाही बसली. सिंधुदुर्गातील महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. गुणपत्रिका हाती नाही म्हणून पुढचा प्रवेश नाही, प्रवेश नाही म्हणून वसतिगृहात जागा नाही, आणि चौकशीसाठी विद्यापीठ गाठायचे तर कोकण रेल्वेची एक रात्र जाण्यात व दुसरी परतण्यात जाणार. परीक्षेनंतर ४५ दिवसांच्या आत निकाल लावावा, असे कायदा सांगतो. राज्यपाल तथा कुलपती विद्यासागर राव यांनी ३१ जुलै ही अखेरची मुदत घालून दिली, तीही टळली. अखेर २४ ऑक्टोबर २०१७ रोजी कुलगुरू डॉ. संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आले. तोवर अनेकांचे वर्ष हातचे गेले होते.

या गोंधळाच्या मुळाशी होती एक संगणक प्रणाली. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून त्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय झाला, आणि तोही परीक्षांचा हंगाम सुरू असतानाच. प्राध्यापकांचे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष तपासणी हातात हात घालून चालली. उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली, काही सापडेनाशा झाल्या. कल्पना वाईट होती असे आम्ही म्हणणार नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे गावोगाव फिरवण्यापेक्षा पडद्यावरील तपासणी केव्हाही चांगली. पण त्या वेळी झालेल्या चर्चा आठवून पाहाव्यात. कुलगुरूंवर बोलणे झाले, कंत्राटदारावर झाले, प्राध्यापकांच्या अनास्थेवर झाले. मात्र ‘ही प्रणाली १७ लाख उत्तरपत्रिकांचा भार पेलण्यास सिद्ध आहे’ असे कोणी तपासले, कोणी प्रमाणित केले आणि ‘आता सुरू करा’ असे सांगण्याचा अधिकार नेमका कोणाचा होता, हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत जवळजवळ आलाच नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच होता आणि तो आजही तसाच उभा आहे.

सॉफ्टवेअरला जन्म असतो, वाढ असते आणि अखेर निवृत्तीही असते. प्रथम कोणीतरी गरज सांगतो, कोणी तिचा आराखडा मांडतो, कोणी आज्ञावली लिहितो, कोणी ती तपासतो, कोणी ती लोकांच्या वापरात आणतो. वापर सुरू झाला की चुका दिसू लागतात, कायदे बदलतात, नवे नियम येतात आणि हे सारे चक्र पुन्हा फिरू लागते. उद्योगजगतात याला सॉफ्टवेअरचे जीवनचक्र म्हणतात. हे चक्र सांभाळण्यासाठी गेल्या दोन-अडीच दशकांत स्वतंत्र मंच निर्माण झाले. ऑस्ट्रेलियातील ॲटलासियन कंपनीने २००२ मध्ये ‘जिरा’ बाजारात आणले, युक्रेनमधील एका तरुण अभियंत्याने २०११ मध्ये ‘गिटलॅब’ची सुरुवात केली, आणि अशी इतरही अनेक साधने आज प्रचलित आहेत. त्यांच्या बाह्य रूपात फरक असला तरी गाभा एकच आहे. कामात सहभागी असलेल्या प्रत्येकाला एक भूमिका दिलेली असते आणि त्या भूमिकेला अधिकाराच्या मर्यादा असतात. लिहिणारा लिहू शकतो, पण आपले लिखाण स्वतःच मंजूर करू शकत नाही. तपासणारा परत पाठवू शकतो, पण गुपचूप बदल करू शकत नाही. वापरात आणणाऱ्याला पूर्वीच्या साऱ्या स्वाक्षऱ्या झाल्याशिवाय दार उघडता येत नाही. आणि कोणी, केव्हा, कोणती ओळ, कोणाच्या सांगण्यावरून बदलली याची नोंद आपोआप होत राहते. ती पुसता येऊ नये, अशी योजना असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कुन यांनी १९९२ मध्ये भूमिकेवर आधारित अधिकारांची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि २००४ मध्ये ती तेथील अधिकृत मानक झाली.

मांडणी १९९२ ची असेल, पण विचार किती जुना आहे हे पाहायला मालवणच्या माणसाला दूर जायला नको. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये तो बांधून पूर्ण झाला. त्याच्या तटबंदीविषयी पुष्कळ लिहिले जाते, तेथील महाराजांच्या हातापायांच्या ठशांपुढे माथा टेकवला जातो. मात्र गडाचा कारभार कसा चाले याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत ही व्यवस्था सांगितली आहे. प्रत्येक गडावर एक हवालदार, एक सरनोबत आणि एक सबनीस. तिघेही एका दर्जाचे आणि कारभार तिघांच्या विचाराने. दरवाजे लावण्या-उघडण्याची जबाबदारी हवालदाराची, शिबंदी सरनोबताकडे, हजेरी व हिशेब सबनिसाकडे. धान्य आणि सामान यांचा जमाखर्च पाहणारा कारखानीस वेगळा.

यामागचे कारण उघड आहे. गड हे राज्याचे सार. एका माणसाच्या मनात फितुरी आली किंवा एका माणसाला झोप लागली, तरी गड जाऊ नये. ज्याच्या कमरेला किल्ल्या, त्याच्या हाती हिशेब नाही. आणि ज्याच्या हाती लेखणी, त्याच्या हाती दरवाजा नाही. हवालदार अप्रामाणिक असतो असे त्यात गृहीत धरलेले नाही. उलट, प्रामाणिक हवालदारावर उद्या खोटा आळ आला तर सबनिसाचे दप्तर त्याच्या बाजूने साक्ष देईल, ही सोयही त्यातच आहे. आजच्या व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत ‘कर्तव्यांचे विभाजन’ म्हणून जे प्रकरण असते, त्याची ही राज्यकारभारातील आवृत्ती होय. आपल्याकडे सगळेच आधी होते, असे सांगण्याचा मोह येथे होऊ शकतो. तो आवरावा. गडावर हे होते खरे, पण आज आपल्या कचेऱ्यांच्या संगणक प्रणालींत ते कितपत आहे, हे पाहिले की अभिमानापेक्षा संकोचच अधिक वाटतो.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण सात-बाराचे. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, फेरफार नोंदवहीत नोंद घेतात. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी १५ दिवस मिळतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सात-बारा बदलतो. नोंद घेणारा एक आणि प्रमाणित करणारा दुसरा, ही महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची शिस्त ई-फेरफार प्रणालीने संगणकावर आणली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा घरबसल्या मिळू लागला. कोकणात एकेका सात-बाऱ्यावर डझनावारी सहहिस्सेदारांची नावे असतात, त्यांतले निम्मे मुंबईत, काही परदेशात. त्यांच्यासाठी ही सोय लहान नव्हे.

परंतु येथे दोन थर आहेत आणि ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला थर प्रणाली वापरणाऱ्यांचा. त्यातल्या भूमिका कायद्यानेच ठरवून दिल्या आहेत. दुसरा थर प्रणाली घडवणाऱ्यांचा. ज्या आज्ञावलीमुळे सात-बाऱ्यावरील नाव, क्षेत्र आणि बोजा दिसतो, तीच बदलण्याचा अधिकार कोणाला आहे? तिच्यातील फेरफाराची नोटीस कोणाला जाते? तिचा मंडळ अधिकारी कोण? तलाठ्याने चुकीची नोंद घेतली तर एका गटाचे नुकसान होते. आज्ञावलीतल्या एका ओळीत चूक झाली तर राज्यभरातल्या गटांचे होऊ शकते, आणि शेतकऱ्याला तर ती ओळ कधी दिसतच नाही. पहिल्या थरावर आपण इतका काटेकोर कायदा केला. दुसऱ्या थराबद्दल सामान्य नागरिकच काय, पुष्कळदा प्रणाली मागवणारे खातेही विचारीत नाही.

हा दुसरा थर दुर्लक्षित राहिला तर काय होते, हे पाहायचे असेल तर इंग्लंडकडे पाहावे. तेथील टपाल खात्याने फुजित्सू कंपनीकडून ‘होरायझन’ नावाची हिशेबाची प्रणाली घेतली आणि १९९९ पासून ती गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत बसवली. प्रणालीतील दोषांमुळे हिशेबात तूट दिसू लागली. जी रक्कम कोणी घेतलेलीच नव्हती, तिच्या चोरीचा आरोप पोस्टमास्तरांवर आला. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांना न्यायालयांनी दोषी ठरवले. अनेकांनी घरे विकून तूट भरून दिली, काहींनी आत्महत्या केल्या. सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या पोस्टमास्तर बाईंना २०१० मध्ये गर्भवती असताना तुरुंगात जावे लागले. त्यांची निर्दोषता मान्य व्हायला २०२१ उजाडले. शाखेच्या हिशेबात बाहेरून कोणालाही हात घालता येत नाही, असे टपाल खाते वर्षानुवर्षे सांगत राहिले. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने निर्णय दिला, तेव्हा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना दूरवरून शाखेचे हिशेब बदलता येत होते, आणि तेही पोस्टमास्तरांच्या नकळत, हे स्पष्ट झाले. २०२४ मध्ये ब्रिटनच्या संसदेला खास कायदा करून या लोकांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

पोस्टमास्तर बाईच्या टेबलावर वही होती, पण तिच्या वहीवर कोणाचा विश्वास नव्हता. विश्वास होता यंत्रावर. आणि यंत्राच्या आत कोणाचा हात फिरतो, याचे दप्तर न्यायालयापुढे आलेच नाही. गडावर सबनीस ठेवण्यामागे जो विचार होता, तो नसला म्हणजे काय होते याचे याहून दारुण उदाहरण आम्हाला ठाऊक नाही. उद्या हेच आपल्या शिधापत्रिकांच्या यंत्राबाबत, सोसायटीच्या कर्जखात्याबाबत किंवा मच्छीमारांच्या नौकांच्या ऑनलाईन नोंदणीबाबत घडले, तर मालवणच्या दांडीवरच्या रापणकाराने दाद कोणाकडे मागायची? त्याच्या हातात असेल एक पावती, आणि समोरचा कारकून म्हणेल, “सिस्टीममध्ये तसे दिसत नाही.”

व्यापारी जगाला हा धडा पैशाच्या भाषेत मिळाला. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने आपल्या आठ सर्व्हरवर नवी आज्ञावली बसवली. प्रत्यक्षात ती सातच सर्व्हरवर गेली होती. आठव्यावरची जुनी आज्ञावली जागी झाली आणि ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. एका तंत्रज्ञाने केलेले काम दुसऱ्याने पाहावे अशी लेखी पद्धतच तेथे नव्हती, हे नियामकांच्या चौकशीत उघड झाले. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष अद्ययावत फाईल जगभर एकदमच पाठवली गेली आणि सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. आपल्याकडच्या विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. मंच तयार करणारेही यातून सुटलेले नाहीत. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅबच्याच एका थकलेल्या अभियंत्याकडून चालू माहितीसाठा पुसला गेला आणि मग लक्षात आले की, राखीव प्रती घेण्याच्या साऱ्या व्यवस्था कागदावरच होत्या. त्या कंपनीचे एक मात्र मान्य करायला हवे. तिने झाकपाक न करता सारा प्रकार जाहीर केला आणि दुरुस्तीचे काम लोकांना थेट पाहू दिले. आपल्याकडील कोणत्या खात्याने असे केल्याचे वाचकांना आठवत असेल तर त्यांनी अवश्य कळवावे.

या मंचांत ‘तक्रारीची नोंद’ हा एक साधा भाग असतो. कोणालाही दोष दिसला की तो नोंदवतो. त्या क्षणापासून त्या नोंदीला क्रमांक मिळतो, मालक मिळतो आणि मुदत मिळते. गंभीर नोंद उघडी असेल तर पुढचे पाऊल अडते. हे वाचताना मालवणकरांना राजकोट आठवल्यावाचून राहणार नाही. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी तेथे अनावरण झालेला छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्याआधी काही दिवस नटबोल्ट गंजल्याचे सार्वजनिक बांधकाम विभागाने नौदलाला पत्राने कळवले होते, असे तेव्हा प्रसिद्ध झाले. पत्र गेले, म्हणजे दोष कोणाच्या तरी डोळ्यांना दिसला होता. त्या पत्राला क्रमांक असेल, आवक-जावकची नोंदही असेल. ते मिळताच कोणी काय करायचे, किती तासांत करायचे, आणि ते न झाल्यास पुढे कोणाचे दार वाजवायचे, हे मात्र कोठे ठरलेले दिसले नाही. पुतळा पडल्यावर नौदल, शासन, शिल्पकार, सल्लागार असा जबाबदारीचा चेंडू फिरत राहिला. तो लोखंडाचा आणि ब्राँझचा मामला होता, सॉफ्टवेअरचा नव्हे. पण जबाबदारी वाटून न घेता केलेल्या कामाची गत दोन्हीकडे सारखीच होते.

या क्षेत्रात महाराष्ट्राने स्वतः काही केलेच नाही असे समजण्याचे कारण नाही. टाटा समूहाने १९८१ मध्ये पुण्यात उभारलेल्या टाटा संशोधन, विकास आणि आरेखन केंद्रातून ‘मास्टरक्राफ्ट’ ही साधनमाला पुढे आली. प्रणालीचा आराखडा प्रतिकृतीच्या रूपात मांडावा, त्यावर वेगवेगळ्या भूमिकांतील अभियंत्यांनी आपापला भाग सांभाळावा आणि आज्ञावलीचा मोठा हिस्सा त्यातून यंत्रानेच निर्माण करावा, असा तो प्रयत्न होता. पाश्चात्त्य जगात या विषयाची चर्चा रंगण्याआधीच पुण्यात त्यावर काम सुरू झाले होते. पुढे मुंबईच्या रुषभ मेहता यांनी उभारलेल्या ‘फ्रॅपे’ने उद्योगांच्या हिशेबाची ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्त प्रणाली दिली. तिच्यातील प्रत्येक बदल, त्यावरील आक्षेप आणि मंजुरी आजही कोणालाही पाहता येते. सबनिसाचे दप्तर चावडीवर मांडून ठेवावे, तसा हा प्रकार. लहान उद्योजकाला याचे मोल कळते, कारण परवान्याची रक्कम वाचते आणि प्रणाली बंद पडली तर ती दुरुस्त करणारा गावातही मिळू शकतो.

गावाचा उल्लेख आम्ही सहज केलेला नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोकणातील असंख्य तरुण संगणक घेऊन घरी आले आणि पडवीत बसून पुणे-बंगळुरूची कामे करू लागले. पावसात वीज जाई, मोबाईलची रेंज शोधत टेकडीवर जावे लागे, तरी कामे झाली. ती होऊ शकली याचे एक कारण हे मंचच होते. भूमिका ठरलेली, काम नोंदलेले, तपासणारा नेमलेला. मग लिहिणारा आचऱ्यात आणि तपासणारा हिंजवडीत असला तरी बिघडत नाही. तमिळनाडूतील तेनकासीसारख्या ठिकाणी श्रीधर वेम्बू यांच्या झोहो कंपनीने २०११ मध्ये कार्यालय उघडले आणि ग्रामीण भागातून जागतिक दर्जाची उत्पादने घडवून दाखवली. सिंधुदुर्गात शिक्षणाची आस्था मोठी आहे. हे येथे अशक्य का मानावे? विशेषतः चाचणीकाराची भूमिका. आपल्याकडे तिला दुय्यम समजतात. ज्याला प्रोग्राम लिहिता येत नाही त्याने टेस्टिंग करावे, असा एक उद्धट समज या व्यवसायात आहे. वास्तविक चिकित्सक, हट्टी आणि समोरच्याच्या सांगण्यावर चटकन विश्वास न ठेवणारा माणूस या कामाला लागतो. असा स्वभाव मालवणी मुलखात दुर्मीळ आहे, असे कोणी म्हणणार नाही.

आता आक्षेपांकडे. पाच जणांच्या कंपनीत इतक्या भूमिका आणायच्या कोठून, असे विचारले जाते. पाच जणांत हवालदार, सरनोबत, सबनीस वेगळे नेमता येणार नाहीत, हे खरे. परंतु लिहिणारा आणि मंजूर करणारा हे दोघे वेगळे असावेत, एवढे तर दोन माणसांतही साधते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मंजुऱ्यांच्या पायऱ्या वाढल्या की कामाची गती मरते, आणि त्याहून वाईट म्हणजे स्वाक्षरी हा उपचार होतो. सरकारी फाईलवर सात सह्या असतात आणि सातव्याने पहिल्याची सही पाहून सही केलेली असते. संगणकावरही हे होते. साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरला पाठ असतो, डिजिटल स्वाक्षरीची पेनड्राइव्ह टेबलाच्या उघड्या खणात पडलेली असते, आणि प्रणालीच्या दप्तरात मात्र प्रत्येक मंजुरी साहेबांनी स्वतः दिल्याची नोंद होते. अशा ठिकाणी कोट्यवधींचा मंच बसवला तरी तो खोट्या साक्षीचे यंत्र ठरेल. नोंदीच नसलेली कचेरी परवडली. खोट्या नोंदींची नको, कारण तिथे निरपराध माणसाला आपले निरपराधित्व सिद्धच करता येत नाही. पोस्टमास्तरांचे तेच झाले. या शतकाच्या प्रारंभी आपल्या कंपन्या गुणवत्तेच्या पाचव्या पातळीची प्रमाणपत्रे मोठ्या अभिमानाने भिंतीवर लावीत. त्यांतल्या काहींनी ती शिस्त अंगी बाणवली, काहींनी चौकट तेवढी पुसत राहिली.

म्हणून कोणता मंच विकत घ्यावा, या चर्चेत आम्हाला फारसा रस नाही. मंच परदेशी असो वा देशी, महाग असो वा मुक्त, मागवणाऱ्याने काय मागितले यावर सारे अवलंबून आहे. विद्यापीठ, महसूल खाते, जिल्हा परिषद, सहकारी बँक, मत्स्यव्यवसाय विभाग हे सारे सॉफ्टवेअरचे ग्राहक आहेत. त्यांच्या निविदांत संगणकांची संख्या, प्रशिक्षणाचे दिवस आणि दंडाची टक्केवारी असते. बदलांची संपूर्ण नोंद खात्याच्या ताब्यात राहील, कंत्राट संपले तरी ती कंत्राटदाराबरोबर जाणार नाही, चालू प्रणालीत थेट हात घालण्याचा अधिकार कोणाला आहे त्याची यादी दर तिमाहीला सादर होईल, आणि लोकांच्या वापरात आणण्यापूर्वी खात्याचा एक नामनिर्देशित अधिकारी चाचणीचा अहवाल वाचून सही करील, या अटी मात्र अभावानेच दिसतात. बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने २०११ मध्येच कर्तव्यांच्या विभाजनाचा आग्रह धरला आहे. जे ठेवीदाराच्या पैशाला लागू, ते विद्यार्थ्याच्या गुणांना आणि शेतकऱ्याच्या जमिनीला लागू करण्यात अडचण कोणती?

अडचण बहुधा एवढीच, की त्या सहीखाली नाव लिहावे लागते. २०१७ मध्ये ‘प्रणाली सिद्ध आहे’ या वाक्याखाली नेमके कोणाचे नाव होते, हे सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यांना कधी कळले नाही. पुढच्या वेळी ते आधीच विचारता येईल. ज्या प्रणालीवर आपला निकाल, आपली जमीन किंवा आपल्या होडीचा परवाना अवलंबून आहे, तिच्यातील शेवटचा बदल कोणी मंजूर केला आणि चाचणीच्या अहवालावर कोणाची सही आहे, एवढे दोन प्रश्न माहितीच्या अधिकारात कोणीही विचारू शकतो. अर्जाला १० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक लागतो आणि उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे.